पंचवीस हजारांमागे एक: ‘मावा’ची वाटचाल

‘मावा’ हा शब्द महाराष्ट्रात दोन ठिकाणी भेटतो. एकदा हलवायाच्या कढईत आणि एकदा पानटपरीवर, मिसरूड फुटू लागलेल्या पोराच्या तळहातावर. सुपारी, तंबाखू, चुना घोटून गालात धरला की पोरगा ‘मोठा’ झाला, अशी समजूत गावोगावी आहे. ज्या संस्थेचा हा इतिहास आहे तिचं नावही ‘मावा’च. ‘मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज’ या लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचं ते झालं. नाव ठेवताना कुणाच्या मनात टपरी होती की नव्हती, ते सोडून द्या. पण पुरुष होणं म्हणजे काय, आणि ते पोरांना कोण, कुठे शिकवतं, हाच प्रश्न घेऊन ही संस्था तीस वर्षांहून अधिक काळ चालत आली आहे.

संस्थांचे इतिहास सहसा संस्थापकाच्या स्वप्नापासून सुरू होतात. हा एका छोट्या जाहिरातीपासून सुरू होतो. १९९१ साली पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी मुंबईत ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये ती दिली. बायको मारण्यासाठी नसते असं ज्यांना वाटतं, आणि बायकांना होणारी मारहाण थांबवायला आपल्याला काही करता येईल असंही वाटतं, अशा पुरुषांनी पत्र लिहावं, एवढाच तिचा आशय. नोकऱ्या, ब्लॉक आणि सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष वधू शोधायला छोट्या जाहिराती वाचणाऱ्या शहरात ‘न मारणारे पुरुष पाहिजेत’ ही मागणी लोकांना विनोदी वाटली असती तरी नवल नव्हतं. पत्रं मात्र आली. २०५ पुरुषांनी लिहिलं.

हा आकडा संस्थेविषयीच्या प्रत्येक लेखात येतो आणि बहुतेक वेळा कौतुकाने येतो. मला तो दोन्ही अंगांनी पाहावासा वाटतो. १९९१च्या जनगणनेत बृहन्मुंबईची वस्ती एक कोटीच्या जवळ होती. त्यातले पुरुष तेवढे धरले, तर पंचवीस हजारांमागे एकही पत्र भरत नाही. जाहिरात इंग्रजी दैनिकात होती, म्हणजे गिरणगावातल्या चाळीत किंवा चेंबूरच्या वस्तीत ती पोचण्याचा संभव कमी. पण दुसरी बाजूही आहे. पत्र लिहायला कागद घ्यावा लागतो, पाकिटावर तिकीट लावावं लागतं, आणि मुख्य म्हणजे ‘हा माझाही प्रश्न आहे’ हे आपल्या हस्ताक्षरात कबूल करावं लागतं. ज्या विषयावर पुरुष शेजारच्या खोलीतला आवाज ऐकून रेडिओ मोठा करत, त्यावर २०५ जणांनी आपलं नाव-पत्ता लिहून पाठवला.

पत्र लिहिणाऱ्यांतले काही भेटू लागले, बोलू लागले. त्यातून १९९३ साली संस्था रीतसर उभी राहिली. टाटा समाजविज्ञान संस्थेत समाजकार्य शिकलेले हरीश सदानी त्या पत्रलेखकांपैकी एक. पुढे संस्थेचा चेहरा तेच झाले.

प्रश्न अर्थात १९९१चा नव्हता. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. सुरतेतल्या एका विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली होती आणि तिच्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या चारित्र्याचा पंचनामा चालला होता. ताराबाईंनी रोखलेलं बोट पुरुषांकडे वळवलं. तोवर बायकांना काय झालंय, त्यांना कसं सुधारावं, याची चर्चा पुष्कळ झाली होती. तुमचं काय झालंय, असं पुरुषांना इतक्या थेट मराठीत कुणी विचारलं नव्हतं. त्या पुस्तकाला पुरुषांचं सामूहिक उत्तर यायला १०९ वर्षं लागली, असं म्हणण्याचा मोह होतो. ते खरं नाही. ताराबाईंची बाजू त्यांच्या हयातीतच घेणारे जोतीराव फुले होते. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, फसवल्या गेलेल्या विधवांना तिथे गुप्तपणे बाळंत होता येत असे. आज आपण ज्याला हिंसापीडितांसाठीचं आधार केंद्र म्हणतो, त्याचं हे महाराष्ट्रातलं पहिलं ठळक रूप. पुढे आगरकर झाले, र. धों. कर्वे १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवत राहिले. पण हे सगळे एकांडे शिलेदार. साध्या, नोकरदार, नाव नसलेल्या पुरुषांनी एकत्र बसून ‘आपण काय करतो?’ असं विचारण्याची प्रथा आपल्याकडे नव्हती.

ती पडायला बायकांना आधी बराच रस्ता तुडवावा लागला. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. ‘मथुरा खटला’ म्हणून तो ओळखला जातो. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही आरोपी पोलिसांना सोडलं, तेव्हा उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून देशभर मोर्चे निघाले, मुंबईत १९८० साली बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. १९८२ साली पुण्यात मंजुश्री सारडा हिचा मृत्यू झाला, सुशिक्षित घरांतल्या सुनांच्या मरणाची चर्चा शहरभर झाली, आणि विद्या बाळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या नारी समता मंचाने ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगावी नेलं. १९८३ साली भारतीय दंडविधानात नवऱ्याच्या आणि सासरच्यांच्या छळाविरुद्धचं कलम ४९८-अ आलं. त्याच वर्षी स्त्री मुक्ती संघटनेचं, ज्योती म्हापसेकर यांनी लिहिलेलं ‘मुलगी झाली हो’ रंगमंचावर आलं आणि मैदानं, वस्त्या, शाळांची पटांगणं गाजवू लागलं. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या आवारात समाजकार्यकर्ती बसते आणि तक्रार घेऊन आलेल्या बाईचं आधी नीट ऐकून घेते, ही कल्पना तेव्हा अगदीच नवी होती. आणि १९९० साली उल्हासनगरात दहावीच्या परीक्षेला बसलेल्या मुलीला एका तरुणाने परीक्षा केंद्रात जिवंत जाळलं. नकार ऐकण्याची सवय नसलेला मुलगा ही काय चीज असते, ते महाराष्ट्राने त्या दिवशी पाहिलं. गोपीनाथांची जाहिरात त्यानंतर वर्षभराची आहे.

म्हणून ‘मावा’ ही पुरुषांची संस्था असली तरी ती स्त्री-चळवळीची ऋणको आहे, हे इतिहासात ठळक लिहून ठेवायला हवं. तसं लिहिलं नाही की पुरुषांच्या कामाचं एक वेगळंच पुराण तयार होतं. कुणी तरी दादा येतो, ताईला सोडवतो आणि टाळ्या घेतो.

पहिल्या वर्षांत या धोक्याशी सामना होताच. मार खाणाऱ्या बायकांना मदत, जोडप्यांचं समुपदेशन, कायद्याची माहिती, व्याख्यानं, पथनाट्यं अशी कामं सुरू झाली. एखाद्या नवऱ्याला दुसऱ्या पुरुषाने येऊन ‘हे चूक आहे’ म्हणण्याचा परिणाम वेगळा होतो, यात शंका नाही. तोवर त्याची खात्री असते की सगळे पुरुष मनातून त्याच्याच बाजूचे आहेत. पण त्या परिणामात एक खोटही असते. नवरा ऐकतो तो पुरुषाचं, बायकोचं नाही. बाईच्या शब्दाला किंमत यायला मध्ये पुरुष लागणार असेल, तर आपण दुखण्यावर औषध देतोय की दुखणं पोसतोय? स्त्री-संघटनांमधून हा प्रश्न आडपडदा न ठेवता विचारला गेला, आणि पुरुषांबरोबर काम करणाऱ्या साऱ्यांनाच तो आजही सुटलेला नाही. पैसा, व्यासपीठ आणि पुरस्कार पुन्हा पुरुषांकडेच वळणार का, हा त्याचाच पोटप्रश्न. माझ्या मते तो सुटूच नये. तो खिशात खुपत राहिलेला बरा.

१९९६ साली संस्थेने वाट थोडी बदलली आणि ‘पुरुष स्पंदनं’ हा वार्षिक अंक काढला. ‘माणूसपणाच्या वाटेवरची’ हे त्याच्या नावाचं शेपूट. अंक काढायचा तो दिवाळीत, हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढल्यापासून मराठी घरात वर्षातून एकदा चिवड्याच्या ताटलीशेजारी छापील कागदाला हक्काची जागा आहे. अहवाल, पत्रक, पुस्तिका कुणी घरी नेत नाही. दिवाळी अंक नेतात, आणि तो वडील वाचून झाल्यावर मुलाच्या हाती पडतो. पुरुषांनी स्वतःविषयी लिहावं, तेही पराक्रम सोडून, ही मागणी मराठी लेखकांनाही सोपी नव्हती. बाप म्हणून आपण कसे आहोत, लैंगिकतेबद्दल आपल्याला कुणी काय सांगितलं, घरकाम न करण्याची सवय आपल्याला कुणी लावली, मित्राजवळ रडता का येत नाही, असे विषय पुरुषांच्या लेखणीतून यायला जागा लागते. ती या अंकाने दिली.

तरीही वाचणारा पुरुष हा बहुधा आधीच अर्धा पटलेला असतो. खरी अडचण निराळी होती. समुपदेशनासाठी नवरा समोर येतो तोवर तो तिशी-चाळिशीचा झालेला असतो, मारायला लागूनही बरीच वर्षं लोटलेली असतात. त्याच्या हाताला वळण लागलं कधी? बहुधा सतराव्या-अठराव्या वर्षी, कॉलेजच्या कट्ट्यावर, बसस्टॉपवर, तालमीत, गणेशमंडळाच्या मांडवात. ‘पटवायची’, ‘मागे लागलं की हो म्हणतेच’, ‘बांगड्या भर’, ‘बायल्या कुठला’, ही सगळी भाषा तिथलीच. ती शिकवणाराही कुणी मास्तर नसतो, फार तर दोन वर्षांनी मोठा असलेला ‘भाई’ असतो. मग त्याच वयाचा, त्याच कट्ट्यावरचा, पण वेगळं बोलणारा दादा का तयार करू नये?

या विचारातून २००६ साली पुण्यात ‘युवा मैत्री’ हा उपक्रम सुरू झाला. पुढे तो राज्यातल्या इतर जिल्ह्यांतही गेला. त्यासाठी हाताशी घेतली गेली ती राष्ट्रीय सेवा योजना. १९६९ साली सुरू झालेली ही योजना आपल्या कॉलेजांत इतकी मुरलेली आहे की तिच्याकडे कुणी नीट पाहत नाही. वर्षाला १२० तास काम, दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर, खड्डे, श्रमदान, प्रभातफेरी आणि शेवटच्या रात्री शेकोटी. घरापासून लांब, सात दिवस, एका सतरंजीवर झोपणारी पोरं. पुरुषपणाच्या गप्पा तिथे होतातच. त्या कशा व्हाव्यात एवढाच प्रश्न उरतो.

‘युवा मैत्री’ची घडण साधी आहे. कॉलेजांतून काही मुलं निवडायची, त्यांचं निवासी शिबिर घ्यायचं, आणि त्यांनी परत जाऊन आपल्या बरोबरीच्या आणि धाकट्या मुलांशी बोलायचं. पथनाट्य, पोस्टर, भित्तिपत्रक ही साधनं. यातलं भित्तिपत्रक आज कुणाला जुनाट वाटेल. पण मोबाइलवरचा मजकूर माणूस एकटा वाचतो आणि अंगठ्याने वर ढकलतो. भित्तिपत्रकापुढे चार जण उभे राहतात, एक जण मोठ्याने वाचतो, दुसरा टिंगल करतो, तिसरा टिंगल करणाऱ्याला उत्तर देतो. ‘युवा मैत्री’ला हवी होती ती गोष्ट नेमकी ही.

शिबिरांत काय चालतं, याबद्दल बाहेर फार गैरसमज आहेत. पुरुषांना शिव्या घालतात, कायद्याची भीती घालतात, असं पालकांना वाटतं. कायदा येतो, पण नंतर. लिंगभावाच्या शिबिरांत हमखास घेतला जाणारा एक खेळ सांगतो. कागदावर चोवीस तासांचं घड्याळ काढायचं आणि आईचा कालचा दिवस तासातासाने भरायचा. मुलं झपाट्याने लिहायला लागतात. चार-साडेचारला पाणी, चूल किंवा गॅस, डबे, मग शेत किंवा नोकरी. दुपारी दोन-तीनच्या सुमारास पेन अडतं. आई तेव्हा काय करते? ठाऊक नसतं. मग शेजारी स्वतःचं घड्याळ काढायचं, त्याच्याशेजारी बहिणीचं. बहिणीच्या घड्याळात संध्याकाळी सातनंतर घराबाहेरचा एकही तास नसतो आणि आपल्या घड्याळात घरातला एकही नसतो, हे पोरांना आपल्याच हस्ताक्षरात दिसतं. तोवर कुणी ‘समानता’ हा शब्द उच्चारलेला नसतो.

दुसरा खेळ अवघड. ‘खरा मर्द कसा असतो’ ते फळ्यावर लिहायचं: रडत नाही, घाबरत नाही, माघार घेत नाही, कमावतो, बायको-बहिणीला ‘सांभाळतो’. मग प्रत्येकाने विचार करायचा की या चौकटीत आपण कधी बसलो नाही तेव्हा काय झालं. इथे खोली शांत होते. वर्गात ‘बाई’ म्हणून चिडवलेला मुलगा, बापाचा पट्टा खाल्लेला, आईला वाचवायला मध्ये पडून मार खाल्लेला, एकट्या कमाईवर घर ओढणारा. पुरुषी हिंसेची पहिली शिकवणी बहुतेकांनी मार खाऊन घेतलेली असते. मात्र इथे एक खळगा आहे आणि शिबिर घेणारा चांगला असेल तर तो ओळखतो. मुलांना आपलं दुःख सापडलं की ते तिथेच बसतात. ‘आम्ही पण बळीच’ हे वाक्य खरं असतं, आणि बहिणीच्या संध्याकाळचा प्रश्न टाळायला ते फार सोयीचंही असतं. दुःख ऐकून घ्यायचं आणि मग घड्याळाचा कागद पुन्हा पुढे सरकवायचा, हे कसब एका शिबिरात येत नाही.

त्याच सुमारास मुंबईत इतरांचेही प्रयोग चालू होते. एकट्या ‘मावा’नेच सारं केलं असं दाखवण्याची लबाडी या इतिहासात नको. ब्राझीलमध्ये तरुणांसाठी तयार झालेला एक कार्यक्रम पॉप्युलेशन काउन्सिल आणि ‘कोरो’ या संस्थांनी मुंबईच्या वस्त्यांसाठी बदलून घेतला आणि ‘यारी दोस्ती’ या नावाने २००६ साली त्याची पुस्तिका निघाली. वस्तीतल्याच पोरांनी तो चालवला. २००८ पासून मुंबईच्या ४५ महापालिका शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी ‘जेम्स’ हा कार्यक्रम झाला. यातल्या १५ शाळांत वर्गातली सत्रं आणि शाळाभर मोहीम, १५ शाळांत नुसती मोहीम आणि १५ शाळा तुलनेसाठी तशाच ठेवलेल्या, अशी त्याची रचना होती. कुणाला फरक पडला आणि कशामुळे, हे तपासण्याची ही शिस्त आपल्या सामाजिक कामात क्वचितच दिसते. त्यानंतर ‘परिवर्तन’ हा कार्यक्रम आला. त्यात क्रिकेटचे प्रशिक्षकच मुलांशी बाईबद्दलच्या आदराचं बोलू लागले, कारण मुलं आईबापांचं नसतील ऐकत, सरांचं ऐकतात. गोवंडीच्या शिवाजीनगरात त्याच धाग्याने मुलींचा कबड्डीचा कार्यक्रमही झाला. मैदान नावाच्या जागेवर मुलीचा पाय पडणं हीच तिथे केवढी तरी उलथापालथ. आणि २००८ साली पुण्यात नारी समता मंचाने पुरुष संवाद केंद्र सुरू केलं. ज्यांनी मंजुश्रीचं प्रदर्शन फिरवलं, त्यांनीच पंचवीस-सव्वीस वर्षांनी पुरुषांसाठी खुर्ची मांडली.

आता मोजमापाबद्दल एक शंका. ‘बायकोला मारणं कधी कधी योग्य असतं’ या वाक्यापुढे शिबिराआधी ‘हो’ आणि शिबिरानंतर ‘नाही’ अशी खूण केली, की तक्ता छान दिसतो. पोरं हुशार असतात, सरांना काय हवंय ते त्यांना कळतं. कागदावरचं ‘नाही’ आणि चार वर्षांनी भाजीत मीठ जास्त झालेल्या संध्याकाळचं ‘नाही’ यांच्यात मोठं अंतर आहे, आणि ते कुठल्याच तीन वर्षांच्या प्रकल्पात मोजता येत नाही. अनुदानाचं वर्ष मार्चमध्ये संपतं, मुलगा पदवी घेऊन चाकणला किंवा हिंजवडीला जातो, त्याचं लग्न होतं तेव्हा विचारायला कुणी नसतं. या कामातला खरा कच्चा दुवा मला हा वाटतो.

हिंसा सोसलेल्या मुलीला आधार देणं, हे या इतिहासाचं दुसरं टोक. वरवर पाहता ते तरुण मुलांच्या संस्थेचं काम नाही. पण व्यवहारात काय होतं? कॉलेजात एखादा मुलगा ‘वेगळं बोलणारा’ म्हणून माहीत झाला, की वर्गातली मुलगी त्याच्याजवळ येते. ‘तुला एक सांगायचंय, कुणाला सांगू नको.’ कुणी पाठलाग करतो, जुना मित्र फोटो पसरवण्याची धमकी देतो, घरात काका आहे. वीस वर्षांच्या पोरापुढे हे येतं तेव्हा त्याचा पहिला झटका एकच असतो: चला, त्याला धरू. चार मित्र, दोन बाइक. हा झटका आवरणं ही प्रशिक्षणातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. कारण ‘धरून ठोकणं’ म्हणजे तोच जुना खेळ. मुलगी पुन्हा बाजूलाच राहते, बोभाटा तिच्या नावाचा होतो आणि घरचे तिचं कॉलेज बंद करतात.

मग करायचं काय? ऐकायचं. ‘तू तिथे गेलीसच कशाला’ म्हणायचं नाही. तिला काय हवंय ते तिलाच विचारायचं. समेट घडवायला बसायचं नाही. पुरावा, म्हणजे मेसेज, फोटो, तारखा, पुसू नको म्हणून सांगायचं. आणि तिला पुढच्या माणसापर्यंत सोबत करायची. सोबत हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण नेणारा पुढे चालतो आणि सोबत करणारा बाजूने. ते पुढचं माणूस कोण, याची साखळी महाराष्ट्रात तुलनेने बरी आहे. पोलिसांकडचा विशेष कक्ष, स्त्री-संघटनांची समुपदेशन केंद्रं, वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी २००१ साली सुरू केलेलं ‘दिलासा’ केंद्र, २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालचे संरक्षण अधिकारी, २०१५ पासूनची ‘सखी’ केंद्रं. ‘दिलासा’मागचा विचार साधा पण मोलाचा आहे. मार खाल्लेली बाई पोलिसांत जाईल न जाईल, दवाखान्यात जातेच. तिथे ‘जिन्यावरून पडले’ हे वाक्य ऐकून पुढची चिठ्ठी फाडायची, की दार लावून पुन्हा विचारायचं, हे नर्सला शिकवता येतं.

यात एक गाठ अशी आहे की ती सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. २०१२च्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलामुलींवरील लैंगिक अत्याचाराची खबर देणं प्रत्येकावर बंधनकारक केलं. ‘कुणाला सांगू नको’ म्हणणारी मुलगी अकरावी-बारावीतली असेल, तर सोबत्याने दिलेलं वचन कायद्यात बसत नाही. आणि सतरा वर्षांच्या दोघांचं राजीखुशीचं प्रेमही त्याच कायद्याच्या कक्षेत येतं. म्हणून अशा तरुणांना आधी शिकवावं लागतं ते हे, की ऐकण्यापूर्वीच सांग: मी तुझं ऐकेन, तुझ्यासोबत येईन, पण कुणालाच सांगणार नाही असं वचन मला देता येणार नाही. हे ऐकून काही मुली उठून जात असणार. तरी खोट्या वचनावर उभा केलेला आधार पहिल्या जबाबातच कोसळतो, म्हणून दुसरा इलाज नाही.

२०१२च्या डिसेंबरात दिल्लीत आणि २०१३च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या शक्ती मिलच्या आवारात जे सामूहिक बलात्कार झाले, त्यांनंतर ‘मुलांशी बोला’ हे सगळेच म्हणू लागले. फौजदारी कायद्यातल्या २०१३च्या दुरुस्तीने पाठलाग, चोरून पाहणं हे स्वतंत्र गुन्हे झाले. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या ‘छेडछाड’ असं गोडसर नाव होतं आणि सिनेमात ज्याला प्रेमाची पहिली पायरी मानलं जाई, त्याला कलम आलं. कार्यक्रमांना मागणी वाढली, पण तिच्यात घाई होती. महिला दिनाला एक तासाचं व्याख्यान, शाल-श्रीफळ, फोटो. एक तासात घड्याळाचा कागददेखील भरून होत नाही.

२०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि कट्टा खिशात आला. शिकवणारा ‘भाई’ आता दोन वर्षांनी मोठा असण्याचीही गरज उरली नाही, तो पडद्यावरचा अनोळखी माणूस झाला. ‘मावा’ने याला दिलेलं उत्तर मला आवडतं. २०१७ पासून तिने ‘समभाव’ हा लिंगभावावरच्या चित्रपटांचा फिरता महोत्सव सुरू केला. मुलं पडद्यासमोर बसणारच आहेत, तर अंधारात दोनशे जणांनी मिळून एकच पडदा पाहावा आणि दिवे लागले की बोलावं. घरकाम, संमती, समलिंगी आणि पारलिंगी माणसांचं जगणं असे विषय तिथे येतात. २०१८च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ बाबत निकाल दिल्यावर तर हे बोलणं आणखी मोकळं होण्याची वाट रुंदावली. ‘पुरुष स्पंदनं’ने वाचणाऱ्यांसाठी केलं, ते ‘समभाव’ने पाहणाऱ्यांसाठी केलं असं म्हणता येईल.

या साऱ्या वाटचालीत नावं फार थोडी लिहिली गेली. संस्थापक, पाहुणे, पुरस्कार यांची नोंद राहते. शिबिरातून परतून आपल्या गावच्या यात्रेत, दारूच्या गुत्त्यासमोर पथनाट्य करणाऱ्या पोराची राहत नाही. त्याला त्या दिवशी कोण काय बोललं, घरी गेल्यावर वडिलांनी काय विचारलं, याचंही टिपण कुठे होत नाही. संस्थेची पुढची स्मरणिका निघेल तेव्हा संपादकांनी अशा पंधरा-वीस जणांना, आता पस्तिशी-चाळिशीत असलेल्या, बायकापोरं असलेल्या पुरुषांना आणि त्यांच्या बायकांनाही वेगवेगळं बसवून बोलतं करावं. बायकांचं आधी घ्यावं.

एक काम मात्र पुढच्या स्मरणिकेची वाट पाहत नाही. १ जुलै २०२४ पासून दंडविधान बदलून भारतीय न्याय संहिता आली. जिभेवर बसलेलं ४९८-अ आता ८५ आणि ८६ झालं, पाठलागाचं ३५४-ड आता ७८. कॉलेजांच्या भिंतींवर, पोस्टरच्या उजव्या कोपऱ्यात, १८१ आणि १०९८ या मदतवाहिन्यांच्या क्रमांकांशेजारी जिथे जिथे जुने आकडे असतील, तिथे पांढरा कागद डकवून नवे लिहावे लागतील. स्केचपेन पोरांकडे असतंच.